टेबलावरचा सर्व्हर बाहेरून दिसेल का?

जगातला पहिला वेब सर्व्हर एका माणसाच्या टेबलावर होता. १९९० सालच्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या रोजच्या वापरातल्या, नेक्स्ट कंपनीच्या काळ्या चौकोनी संगणकावर तो चालवला. हा संगणक कोणी सवयीने बंद केला तर सगळेच ठप्प होणार. म्हणून त्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती की हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये.

तुमच्या शाळेच्या संगणक कक्षातला जुन्यातला जुना संगणकही त्या यंत्राच्या कितीतरी पट वेगाने आकडेमोड करतो. मग त्यावर तयार केलेले वेबपान शेजारच्या तालुक्यातल्या शाळेला का दिसत नाही?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या वर्गाने शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला आहे. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला तुम्ही चोवीस तासांचा पाऊस मोजता. हे आकडे दाखवणारे आणि त्यांचा आलेख काढणारे एक पान तुम्ही शाळेच्या संगणकावर तयार केले. नुसते दाखवणारे नव्हे, तर दुसऱ्या शाळेला आपले आकडे त्यात भरता येतील असे. तुमच्या पडद्यावर ते उत्तम दिसते. वरच्या पट्टीतला पत्ता उतरवून तुम्ही दुसऱ्या शाळेतल्या मित्राला पाठवला, आणि त्याने कळवले, "काहीच उघडत नाही." तुमच्या पानात काही चुकले आहे का? बहुधा नाही. चूक पत्त्यात आहे.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. सर्व्हर ही काही वेगळ्या जातीची पेटी नव्हे. कोणी काही मागितले तर ते द्यायचे, आणि मागेपर्यंत कान देऊन बसून राहायचे, एवढेच काम करणारी आज्ञावली म्हणजे सर्व्हर. ती ज्या संगणकावर चालते त्यालाही आपण सर्व्हर म्हणतो. पायथन ही संगणकभाषा तुमच्याकडे असेल तर तिच्यासोबत असा एक लहानसा सर्व्हर फुकटच येतो. एका ओळीच्या आज्ञेने तो सुरू होतो आणि ८००० क्रमांकाच्या पोर्टवर ऐकू लागतो.

पोर्ट म्हणजे बँकेतली खिडकी समजा. इमारतीचा पत्ता एकच, पण पासबुक भरून घ्यायची खिडकी निराळी आणि पैसे काढायची निराळी. तसेच एका संगणकावर अनेक आज्ञावल्या चालू असतात आणि आलेले पत्र कोणाचे हे खिडकीच्या क्रमांकावरून ठरते. हा क्रमांक १६ बिटांत लिहितात, म्हणून तो ० ते ६५,५३५ यांमधलाच असतो. साध्या वेबपानांसाठी ८० आणि सांकेतिक रूपात ये-जा करणाऱ्या पानांसाठी ४४३ हे क्रमांक ठरलेले आहेत. घरगुती कामासाठी ३०००, ५०००, ८००० असे मोकळे क्रमांक वापरण्याची पद्धत पडली आहे.

आता पत्त्याकडे वळू. तुमच्या पडद्यावर पान उघडले तेव्हा पट्टीत बहुधा 'लोकलहोस्ट' हे नाव किंवा १२७.०.०.१ हा आकडा होता. (लेखात मी मराठी अंक वापरले आहेत; ब्राउझरमध्ये टंकताना अर्थात इंग्रजी अंक हवेत.) हा पत्ता मोठा मजेशीर आहे. वर्गात मी त्याची तुलना 'मी' या शब्दाशी करतो. 'मी' म्हणजे कोण? जो बोलतो तो. मी म्हटले की मी, तुम्ही म्हटले की तुम्ही. १२७.०.०.१ हा असाच पत्ता आहे. जो संगणक तो उच्चारतो त्याला स्वतःलाच तो दाखवतो. त्या पत्त्यावर टाकलेले पाकीट तारेवर जातच नाही, संगणकाच्या आतल्या आत वळून परत येते. तुमच्या मित्राने तो पत्ता टंकला तेव्हा त्याच्या ब्राउझरने त्याच्याच संगणकात ८००० क्रमांकाची खिडकी शोधली. तिथे कोणीच बसलेले नव्हते!

पहिली पायरी: एकाच छपराखाली

मग 'मी' सोडून खरा पत्ता देऊ. शाळेच्या वायफायला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो. संगणकाच्या किंवा फोनच्या वायफायच्या सेटिंगमध्ये तो दिसतो. समजा, तुमच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.७ आहे. आता त्याच वायफायवर असलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता, मग विसर्गचिन्ह आणि मग ८००० असे टंका. पान फोनवर दिसायला हवे.

न दिसल्यास तीन ठिकाणी शोधा. काही आज्ञावल्या सावधगिरी म्हणून फक्त १२७.०.०.१ वरच कान देतात. वेबची कामे करण्यासाठी लोकप्रिय असलेल्या फ्लास्कचा सर्व्हर असा आहे. त्याला 'सगळ्या पत्त्यांवर ऐक' असे सांगावे लागते आणि त्यासाठी ०.०.०.० ही खूण देतात. पायथनचा तो लहान सर्व्हर मात्र न सांगताच सगळीकडे ऐकतो. दुसरे ठिकाण म्हणजे संगणकाचा स्वतःचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल. तो बाहेरून आलेल्यांना अडवत असेल. आणि तिसरे, काही संस्थांच्या वायफायवर यंत्रांना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते, तेव्हा तिच्याशी झटापट न करता शिक्षकांना विचारावे.

समजा, फोनवर पान दिसले. आता तोच १९२.१६८.१.७ हा पत्ता दुसऱ्या शाळेला पाठवला तर? पुन्हा निराशा. आणि गंमत म्हणजे त्या शाळेतही १९२.१६८.१.७ हा पत्ता असलेले एखादे यंत्र असण्याचा चांगलाच संभव आहे.

असे का व्हावे? यासाठी थोडा हिशेब करावा लागेल. इंटरनेटचे जे पत्ते आपण पाहतो आहोत त्यांची रचना सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दस्तऐवजात पक्की झाली. प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे एकूण पत्ते दोनाचा बत्तिसावा घात, अर्थात ४,२९,४९,६७,२९६. संगणक ही विद्यापीठांची आणि सरकारी प्रयोगशाळांची चैन होती तेव्हा सव्वाचारशे कोटींहून अधिक पत्ते म्हणजे अक्षय भांडारच वाटले असणार. आज जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या पुढे आहे, आणि फोन, संगणक, दूरदर्शन संच असे धरले तर एकेका घरात चार-पाच यंत्रे सहज निघतात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे खंडाखंडांच्या संस्थांना वाटून झाले आणि कोठार रिकामे झाले.

ही टंचाई येणार हे त्याच्या बरेच आधी दिसू लागले होते. म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये असे ठरवण्यात आले की काही पत्ते 'खाजगी' समजावेत. कोणत्याही घराने, शाळेने, कचेरीने ते आपापल्या भिंतींच्या आत हवे तसे वापरावेत, पण बाहेरच्या रस्त्यावर ते चालणार नाहीत. १० ने सुरू होणारे १,६७,७७,२१६, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे १०,४८,५७६ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ असे हे तीन गट आहेत. चाळीतल्या 'खोली क्रमांक ४' सारखे ते आहेत. प्रत्येक चाळीत खोली क्रमांक ४ असतेच. पाकिटावर तेवढेच लिहून पेटीत टाकले तर पोस्टमनने करायचे काय?

वॉचमनची वही

आता खरा कळीचा मुद्दा येतो. तुमच्या घरातल्या सगळ्या यंत्रांना खाजगी पत्ते आहेत आणि ते बाहेर चालत नाहीत, तर मग तुम्हांला बाहेरची पाने दिसतात तरी कशी? इथे राउटर कामाला येतो. संपूर्ण घराच्या वतीने बाहेरच्या रस्त्याला लागणारा जाहीर पत्ता त्याच्याकडे असतो. तो २०३.०.११३.२५ आहे असे धरू. (२०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते पुस्तकी उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे कोणाच्या घराचा पत्ता आपण छापत नाही.)

शहरातल्या सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. चौथ्या मजल्यावरच्या कोणी बाहेरून जेवण मागवले, तर वॉचमनच्या वहीत नोंद होते आणि डबा घेऊन आलेल्या माणसाला वर सोडले जाते. पण न मागवता कोणी डबा घेऊन आला तर? वॉचमन विचारतो, "कोणाकडे?" उत्तर देता आले नाही की माणूस फाटकावरूनच परत.

राउटर नेमके हेच करतो. तुमच्या १९२.१६८.१.७ या यंत्राने ५१,००० क्रमांकाच्या खिडकीतून बाहेर पाकीट पाठवले की राउटर त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडतो, तिथे स्वतःचा जाहीर पत्ता आणि स्वतःची एखादी मोकळी खिडकी, समजा ४०,०१२, असे लिहितो, आणि आपल्या वहीत नोंद करतो: ४०,०१२ वर येणारे उत्तर १९२.१६८.१.७ च्या ५१,००० वर द्यायचे. उत्तर आले की वही पाहून पत्ता उलट बदलायचा आणि पाकीट आत सोडायचे. पत्त्यांच्या या अदलाबदलीचे वर्णन १९९४ साली प्रसिद्ध झाले आणि आज क्वचितच एखादे घर तिच्याशिवाय असेल.

या व्यवस्थेतली विषमता नीट लक्षात घ्या. वहीतली नोंद फक्त आतून बाहेर जाणाऱ्या पाकिटामुळे होते. सुरुवात आतल्याने केली तर संभाषण दोन्ही बाजूंनी मोकळे चालते. सुरुवात बाहेरच्याने करायची म्हटली तर नोंद नाही, म्हणून प्रवेश नाही. आणि सर्व्हरचे काम काय? बाहेरच्याने सुरुवात करण्याची वाट पाहणे! म्हणजे ब्राउझर चालवणाऱ्याला या व्यवस्थेत काहीच अडचण नाही, सर्व्हर चालवणाऱ्याची मात्र पुरती कोंडी. पहिल्या वेब सर्व्हरच्या वेळी ही भिंतच नव्हती. त्या काळी जाळ्याला जोडलेल्या यंत्राला सामान्यतः स्वतःचा जाहीर पत्ता असे. पत्त्यांची टंचाई भागवायला काढलेल्या युक्तीने इंटरनेटच्या सामान्य रहिवाशाला मुख्यतः वाचक करून ठेवले, असे माझे मत आहे. अर्थात याच युक्तीमुळे आपली यंत्रे बऱ्याच आगंतुकांपासून वाचली, हेही मान्य केले पाहिजे.

यावर एक सरळ उपाय आहे. राउटरच्या वहीत कायमची नोंद आपणच करून ठेवायची: '८००० वर कोणीही आले तर १९२.१६८.१.७ कडे पाठव.' याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात आणि बहुतेक राउटरांच्या सेटिंगमध्ये तशी सोय असते. पण आपल्याकडे ती अनेकदा निष्फळ ठरते. कारण सेवा देणाऱ्या कंपनीकडेही पत्त्यांची टंचाई असतेच. मग ती तुमच्या राउटरलाही जाहीर पत्ता न देता आपल्या मोठ्या राउटरमागे बसवते. या कामासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते वेगळे राखण्यात आले. म्हणजे तुमच्या वॉचमनच्या पुढे वसाहतीच्या वेशीवर आणखी एक वॉचमन, आणि त्याची वही तुमच्या हातात नाही! मोबाइलच्या जोडणीवर तर हे सर्रास आढळते.

हे तुम्हांला स्वतः तपासता येईल. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहा. मग 'माझा पत्ता कोणता' हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर जाऊन तिथे दिसणारा पत्ता पाहा. दोन्ही सारखे असतील तर तुमच्यापुढे एकच वॉचमन आहे. निराळे असतील तर किमान दोन.

१२८ बिटांचे नवे पत्ते भारतात आता मोठ्या प्रमाणावर वापरात आले आहेत आणि त्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की प्रत्येक यंत्राला जाहीर पत्ता देता येतो. तरीही घरगुती राउटर बाहेरून सुरू झालेली संभाषणे सहसा अडवतातच. शिवाय समोरच्या शाळेकडेही नवे पत्ते असावे लागतात. म्हणून त्यांची हकीकत इथेच सोडू.

आतून बाहेर खणलेला बोगदा

वॉचमन आतून सुरू झालेल्या संभाषणाला हरकत घेत नाही, हे आपण पाहिले. मग आपणच आतून सुरुवात केली तर? पण कोणाशी? दुसऱ्या शाळेशी थेट नव्हे, कारण तिच्या फाटकावरही वॉचमन आहेच. मात्र जाहीर पत्ता असलेला एखादा मध्यस्थ संगणक दोघांनाही गाठता येतो.

युक्ती अशी. तुमचा संगणक मध्यस्थाला हाक मारतो आणि ती जोडणी बंद न करता तशीच उघडी ठेवतो. दुसऱ्या शाळेतला मित्र मध्यस्थाच्या पत्त्यावर जातो. मध्यस्थ त्याची मागणी त्या उघड्या जोडणीतून तुमच्याकडे ढकलतो. तुमच्या राउटरच्या दृष्टीने हे तुम्हीच सुरू केलेल्या संभाषणातले उत्तर असते, म्हणून तो ते आत सोडतो. तुमच्या संगणकावरची आज्ञावली ती मागणी १२७.०.०.१ वरच्या ८००० खिडकीत देते, पान मिळवते आणि त्याच वाटेने परत पाठवते. मित्राला वाटते, पान मध्यस्थाकडूनच आले. या वाटेला टनेल, म्हणजे बोगदा म्हणतात. वाटेत कितीही वॉचमन असोत, प्रत्येकाच्या वहीत आतून बाहेर जाणारी नोंद झालेलीच असते.

बोगद्यातून बराच वेळ काहीच गेले नाही तर राउटर ती नोंद शिळी समजून पुसून टाकतो. म्हणून टनेलची आज्ञावली अधूनमधून एखादे रिकामे पाकीट पाठवून 'आहोत बरं का' असे कळवत राहते.

हे साधन नवे नाही. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात टाटू इलोनेन यांनी, विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार घडल्यावर, एसएसएच ही सुरक्षित जोडणीची आज्ञावली लिहिली. तिच्यात अशी उलटी वाट काढण्याची सोय आहे. त्यासाठी बाहेर आपला एखादा संगणक भाड्याने घेतलेला असावा लागतो. तो नसेल तर एनग्रोक किंवा क्लाउडफ्लेअर यांच्यासारख्या मध्यस्थांच्या तयार सेवा आहेत. त्यांची आज्ञावली उतरवून घ्यायची, सर्व्हर ८००० वर आहे असे तिला सांगायचे, आणि ती सामान्यतः काही यदृच्छ अक्षरांचे एक नाव देते. ते नाव मित्राला पाठवायचे. एकाच मध्यस्थाकडे हजारो बोगदे येऊन मिळालेले असतात; कोणाची मागणी कोणत्या बोगद्यात टाकायची हे तो मागणीसोबत आलेल्या या नावावरून ठरवतो.

भौतिकीचा शिक्षक असल्यामुळे इथे एक गणित सोडवल्यावाचून मला राहवत नाही. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ धरला तर काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. दोन शाळांमधले अंतर १०० किलोमीटर आहे आणि मध्यस्थ सिंगापूरला, म्हणजे सरळ रेषेत सुमारे ४,००० किलोमीटरवर आहे, असे समजा. मागणी मित्राकडून सिंगापूरला आणि तिथून तुमच्याकडे, उत्तर पुन्हा तसेच. एकूण १६,००० किलोमीटर, म्हणून ०.०८ सेकंद. थेट वाट असती तर २०० किलोमीटरला ०.००१ सेकंद पुरला असता. ऐंशीपट! केबल सरळ रेषेत नसते आणि वाटेतली यंत्रेही वेळ खातात, त्यामुळे प्रत्यक्षातला विलंब याहून जास्त. पानावर एकामागून एक मागवायची वीस चित्रे असतील तर हा विलंब डोळ्यांना जाणवतो. म्हणून शक्य तेव्हा जवळचा मध्यस्थ निवडावा.

दार उघडले, कोणासाठी?

इथपर्यंत जमले की विद्यार्थी खूश होऊन थांबतात. पण पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तुम्ही दार मित्रासाठी उघडले, परंतु दाराला मित्राचा चेहरा ओळखता येत नाही. 'पत्ता फक्त आम्हां दोघांनाच ठाऊक आहे' हा युक्तिवाद किती टिकतो, ते मोजून पाहू.

सेकंदाला १ अब्ज बिट वाहून नेणारी एक जोडणी घ्या. लहानात लहान पाकिटाला, आजूबाजूच्या मोकळ्या जागेसह, ६७२ बिट लागतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १४ लाख ८८ हजार पाकिटे. जाळ्यावर प्रत्यक्ष वापरता येणारे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ३७० कोटी आहेत. सेकंदाला १४ लाख पाकिटे धरली तर प्रत्येक पत्त्याचे दार एकेकदा ठोठवायला लागणारा वेळ ३७० कोटी भागिले १४ लाख, म्हणजे २,६४३ सेकंद. पाऊण तासाहूनही कमी! हे नुसते कागदावरचे गणित नव्हे. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाची आज्ञावली लिहून एका संगणकावरून ४५ मिनिटांच्या आत हे करून दाखवले. तेव्हा तुम्ही पोर्ट फॉरवर्डिंगने खिडकी उघडलीत तर ती कोणाला तरी सापडणार हे गृहीतच धरा. टनेलचे यदृच्छ नाव ओळखणे याहून कठीण असते. पण लिंक एकाकडून दुसऱ्याकडे जाते, गटात टाकली जाते, आणि मग ती गुप्त राहत नाही.

आलेला पाहुणा काय करील? पायथनच्या लहान सर्व्हरचेच पाहा. तो ज्या फोल्डरातून सुरू कराल त्यातल्या सगळ्या फायली मागणाऱ्याला देतो. फोल्डरात मुखपृष्ठाची फाइल नसेल तर सरळ सगळ्यांची यादीच दाखवतो. विद्यार्थ्यांचे गुण किंवा पालकांचे फोन नंबर असलेल्या फोल्डरातून तो सुरू केला तर काय होईल, ते सांगायला नको. पायथनच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतच हा सर्व्हर प्रत्यक्ष सेवेसाठी वापरू नये असे बजावले आहे. मुखपृष्ठ असले तरी नाव ठाऊक असलेली फाइल मागता येतेच. आणि पासवर्ड ज्या ठरावीक नावांच्या फायलींत ठेवण्याची प्रथा आहे ती नावे दारोदार विचारत फिरणाऱ्या स्वयंचलित आज्ञावल्या रात्रंदिवस चालू असतात.

त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे चुका शोधण्याची, म्हणजे 'डीबग'ची सोय. पान तयार करताना काही बिघडले की ही सोय आतली सगळी माहिती दाखवते, आणि फ्लास्कसारख्या साधनांत तर ब्राउझरमधूनच संगणकाला आज्ञा देण्याची वाट खुली करते. टेबलाशी बसलेल्याला ते वरदान, बाहेरच्याच्या हाती मात्र घराची किल्ली. २०१५ च्या सप्टेंबरअखेर पेट्रिऑन या अमेरिकन कंपनीच्या बाबतीत हेच घडले. कलाकारांना त्यांचे चाहते नियमित पैसे पाठवतात अशी ही सेवा. तिच्या संकेतस्थळाची डीबगची आवृत्ती लोकांना दिसेल अशी राहिली होती आणि त्या वाटेने कोणीतरी आत शिरले, हे कंपनीनेच जाहीर केले. सुमारे २३ लाख ईमेल पत्ते त्या माहितीसोबत बाहेर पडले.

आणि मध्यस्थाचे काय? अशा बहुतेक सेवांत सांकेतिक रूपातली मागणी मध्यस्थाच्या यंत्रावर उलगडली जाते आणि मग बोगद्यात टाकली जाते. म्हणजे मनात आणले तर तो मजकूर वाचू शकतो. पावसाचे आकडे त्याने खुशाल वाचावेत. मुलांची नावे आणि पासवर्ड मात्र या वाटेने जाऊ देऊ नयेत.

तेव्हा प्रयोग असा करावा. शाळेचे जाळे वापरायचे तर आधी संगणक शिक्षकांची परवानगी. पावसाच्या पानासाठी एक नवा, रिकामा फोल्डर, त्यात लागतील तेवढ्याच फायली. डीबगची सोय बंद. सेवा देत असेल तर दारावर एक पासवर्ड. सार्वजनिक टनेलपुढे तो लावण्याची सोय एनग्रोकसारख्या साधनांत आहे. दुसऱ्या शाळेशी वेळ ठरवून घ्यावी, त्या तासापुरता बोगदा उघडावा आणि काम झाले की आठवणीने बंद करावा. सर्व्हरची आज्ञावली येणारी प्रत्येक मागणी पडद्यावर एकेका ओळीत लिहीत असते. एका विद्यार्थ्याने त्या ओळींवर डोळा ठेवावा. मित्राने न मागितलेल्या पानांची नावे तिथे उमटू लागली तर अनोळखी पाहुणा आला असे समजावे.

आणि फक्त वाचायचे पान असेल, कोणी त्यात काही भरायचे नसेल, तर बोगद्याची यातायात कशाला? गिटहब पेजेससारख्या ठिकाणी ते विनामूल्य ठेवता येते, तुमचा संगणक रात्री बंद असला तरी दिसते, आणि कोणाला तुमच्या टेबलापर्यंत यावे लागत नाही.

शेवटी एक करून पाहण्याजोगी गोष्ट. बोगदा चालू असताना फोनचे वायफाय बंद करा, मोबाइलच्या जोडणीवरून पान उघडा आणि ते दिसते याची खात्री करून घ्या. आता फक्त सर्व्हर बंद करा, बोगदा तसाच राहू द्या, आणि पान पुन्हा मागवा. नंतर बोगदाही बंद करून तिसऱ्यांदा मागवा. दोन्ही वेळा पान मिळणार नाही, परंतु फोनवर काही ना काही मजकूर येईल आणि तो दोन्ही वेळा सारखा नसेल. तुमच्या संगणकावर तर सर्व्हर चालूच नव्हता. मग तो मजकूर कोणी लिहून पाठवला, आणि दोन्ही वेळा त्या लिहिणाऱ्याला तुमच्याबद्दल काय काय ठाऊक होते?